राज्याचा धनी कोण?



सार्वभौमत्व म्हटले की आपल्यातला एखादा म्हणतो, "जाऊ द्या हो, ते बॅरिस्टर लोकांचं काम!" बिलकूल नाही! सवाल एवढाच आहे: शेवटचा शब्द कोणाचा? ज्याच्या हुकमावर वर अपील नाही, तो धनी कोण? या सवालापायी युरोपात रक्ताचे पाट वाहिले.

फ्रान्सात १५७२ साली कॅथॉलिकांनी प्रॉटेस्टंटांची भयंकर कत्तल केली. चार वर्षांनी बोदँ नावाच्या वकिलाने ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे, सत्ता अखंड असते, तिची वाटणी होत नाही. राज्य एकाचे, थोड्यांचे, नाहीतर बहुतांचे. खिचडी राज्य हा प्रकारच नाही. पण सत्ता कोणाची आणि कारभार कोण हाकतो, हे त्याने वेगळे काढले. गिरणीचा धनी वेगळा नि मॅनेजर वेगळा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको! बोदँ राजाचा माणूस खरा. तरी त्याच साली ब्ल्वा गावच्या सभेत राजा नवे कर मागू लागला, तेव्हा हा गडी विरोधात उभा राहिला. रयतेच्या खिशात हात घालायला रयतेची संमती लागते, असे तो मानी.

हॉब्जने तेवढीही लाज ठेवली नाही. १६४९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या पार्लमेंटवाल्यांनी चार्ल्स राजाचे मुंडके उडवले आणि १६५१ साली हॉब्जचा 'लेवायथन' निघाला. धनी नसेल तर माणसे एकमेकांच्या नरडीचा घोट घेतील, म्हणून सगळ्यांनी करार करून सत्ता एका हाती द्या, असा त्याचा हिशेब. आता करार नीट वाचा, कारण करारात कशी मेख मारतात हे तुम्ही जाणता. हा करार रयतेचा रयतेशी! धन्याची त्यावर सहीच नाही! मग धन्याने करार मोडला, अशी तक्रार करणार कशी? बरे, मानेवर तलवार ठेवून घेतलेली संमतीही हॉब्जला चालते. याला करार म्हणायचे, तर दरोड्याला काय म्हणायचे?

लॉकने १६८९ साली उत्तर दिले: सत्ता ही लोकांनी विश्वासाने सोपवलेली ठेव आहे, विश्वासघात केला तर लोक ती काढून घेतील. शाब्बास! पण याच लॉकसाहेबाने गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसा गुंतवला होता. पुढे १७६२ साली घड्याळजीचा पोर रूसो म्हणाला, सत्ता लोकांची, ती विकता येत नाही नि बदलीही देता येत नाही. सरकार म्हणजे नुसता नोकर. त्याच्याच जिनीव्हात ते पुस्तक जाळले.

पण माझ्या मते या साऱ्या ग्रंथकारांच्या आधी असली मुद्द्याला हात घातला तो पलटणीतल्या शिपायांनी. साल १६४७, महिना ऑक्टोबर. लंडनजवळ पुटनीच्या देवळात क्रॉमवेलची फौज वादाला बसली. राजाला हरवले होते, पण शिपायांचा पगार थकलेला! त्यांची मागणी मतांची. क्रॉमवेलचा जावई आयर्टन म्हणाला, ज्याची जमीन नाहीतर कायमचा धंदा देशात आहे, त्यालाच मत. म्हणजे लढताना देश तुमचा, मत देताना जमीनदाराचा! कर्नल रेन्सबरोने तिथल्या तिथे सुनावले: ज्या राज्याला गरिबाने संमतीच दिलेली नाही, त्याचा हुकूम त्याने का मानावा? हॉब्जचे पुस्तक निघायच्या चार वर्षे आधीचा हा जबाब!

१५ नोव्हेंबरला वेअर गावी शिपाई आपली मागणी टोपीत खोचून उभे राहिले. तिघांना मरणाची शिक्षा फर्मावली, चिठ्ठ्या टाकल्या, आणि रिचर्ड आर्नल्ड या शिपायाला त्याच्याच पलटणीसमोर गोळी घातली. पुटनीचा वाद लघुलिपीत उतरवला होता. ती कागदपत्रे छापायला १८९१ साल उजाडले. आणि इंग्लंडात बिनमालमत्तेच्या साऱ्या प्रौढ पुरुषांना मत मिळाले १९१८ साली, म्हणजे २७१ वर्षांनी. बायांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला आणखी १० वर्षे लागली. त्यांचे नाव तर पुटनीत रेन्सबरोनेही काढले नव्हते.