पक्षी काढा, पकडू नका

पेण-रोह्याच्या आईवडिलांनो, यंदा पावसाळ्यात मुलांना पक्ष्यांची चित्रे काढायला बसवा. वही, पेन्सिल आणि थोडा धीर, एवढेच लागते.

आपल्या भागात हे काही नवे नाही. जेम्स फोर्ब्स नावाचा इंग्रज 1766 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून मुंबईत आला. महाडजवळच्या दासगावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरही तो राहून गेला. नोकरी सांभाळून तो झाडे, प्राणी, पक्षी चितारत राहिला. त्यातूनच 1813 मध्ये त्याचा चार खंडांचा ग्रंथ निघाला.

त्याच काळात कलकत्त्याला पाटण्याचे चित्रकार शेख झैनुद्दीन तिथल्या इंग्रज न्यायाधीशाच्या पत्नी मेरी इंपे यांच्याकडचे पाळलेले पक्षी रंगवत होते. युरोपातल्या अनेक चित्रकारांच्या हाती मात्र वाळलेली कातडीच येई. न्यू गिनीच्या स्वर्गीय पक्ष्याचे पाय आधीच कापलेले असत. त्यामुळे त्याला पायच नसतात, असा समज पसरला. शास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये दिलेल्या शास्त्रीय नावातही तो उरला.

म्हणून जिवंत पक्षी पाहूनच काढायला सांगा.

सुरुवात सुगरणीपासून करा. भातखाचराकडेच्या शिंदीवर किंवा विहिरीवर झुकलेल्या फांदीवर खोपे लटकलेले दिसतील. लांबच थांबा. विणतो तो नर. विणीच्या दिवसांत त्याचे डोके पिवळे असते. खोपा अर्धा झाला की मादी पाहून जाते. तिला पसंत पडला, तरच तो पुढची नळी विणतो. हे टप्पे वेगवेगळे काढा.

चोच, डोळा, पाय नीट पाहा. घरात गणपतीचा कारखाना असेल, तर डोळ्यांची आखणी करणाऱ्या काकांना हंगाम सरल्यावर रेघ कशी ओढायची ते विचारा. रंग आठवत नसेल, तर जागा कोरी ठेवा. अंदाजाने भरू नका. बाजूला तारीख, गाव, झाड लिहा.

शोभेसाठी खोपा तोडू नका. आत पिल्ले असू शकतात. फोटोसाठी घरट्याला चिकटू नका. रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली जा. खोपे वाढले की घटले, ते वही सांगेल. उद्या कोणी ती शिंदी तोडायला निघाले, तर ग्रामपंचायतीत नुसते बोलू नका. वही पुढे ठेवा.