बंदिशीतले नाव

आपल्या संमेलनांच्या भाषणांत एक यादी ठरलेली असते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून कितीतरी व्यासपीठांवरून ती यादी ऐकत आलो आहोत. अब्दुल करीम खाँ, अल्लादिया खाँ, बिस्मिल्ला खाँ, आणि टाळ्या हव्या असतील तर महंमद रफी. या मुलखाच्या तहजीबीत आमचाही वाटा आहे, हे पटवून देण्यासाठी ही नावे घेतली जातात. वाटा आहेच, त्याबद्दल वाद नाही. आमचा सवाल वेगळा आहे. ही नावे घेणाऱ्या वक्त्याने अल्लादिया खाँसाहेबांची एक तरी बंदिश सांगावी. त्यांनी गायलेली नव्हे, त्यांनी रचलेली.

आम्ही हे भामरागडहून लिहितो आहोत, हे वाचून कोणी हसेलही. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावरचे, गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाचे हे गाव. येथे मैफल नाही, संगीत सभा नाही. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहू लागले की आलापल्लीचा रस्ता बंद, आणि असे पावसाळे आम्ही पुष्कळ काढले. नोकरीनिमित्त येथे आलेल्या माणसाजवळ अशा दिवसांत रेडिओ, जुन्या कॅसेटी आणि पुढे मोबाइलमधले कार्ड एवढीच संगत. पण तीच बंदिश वीस वेळा ऐकली की एकदा ऐकताना निसटलेले शब्द कानाला लागतात. आम्हाला असेच एक नाव लागले : प्राणपिया.

ख्यालाची बंदिश म्हणजे चार-सहा ओळींचा मजकूर. स्थायी आणि अंतरा. अंतऱ्यात पुष्कळदा रचनाकार आपले टोपणनाव गुंफतो, त्याला मुद्रा म्हणतात. गझलेच्या मक्त्यातला तखल्लुस आपल्याला ठाऊक आहे, तसाच हा प्रकार. महंमदशाह रंगीलेच्या दरबारातल्या न्यामत खाँनी ‘सदारंग’ ही मुद्रा घेतली, फिरोज खाँनी ‘अदारंग’. पुढे आग्रा घराण्याच्या फैयाज खाँनी ‘प्रेमपिया’, त्यांचे सासरे अत्रौलीचे महबूब खाँ यांनी ‘दरसपिया’, विलायत हुसेन खाँनी ‘प्राणपिया’, खादिम हुसेन खाँनी ‘सजनपिया’. गंमत अशी की ‘पिया’ म्हणजे प्रियकर, त्यामुळे श्रोत्याला वाटते की नायिका आपल्या प्राणप्रियाला हाक मारते आहे. ती मारतेच आहे. पण त्याच हाकेत एका माणसाने आपली सही केली आहे, आणि ती सही आपण वाचत नाही.

दक्षिणेत असे होत नाही. मुत्तुस्वामी दीक्षितांच्या कृतीत ‘गुरुगुह’ हा शब्द आला की तिथला साधा श्रोताही कृती कोणाची ते ओळखतो. त्यागराजांची आराधना तिरुवैयारूला दरवर्षी होते आणि गायक-श्रोते मिळून त्यांच्या कृती गातात. युरोपात बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ची आठवण लोकांतून जवळजवळ गेली होती. १८२९ साली बर्लिनमध्ये विशीतल्या मेंडेल्सोनने ती पुन्हा उभी केली. आमच्याकडे मात्र ‘अमुक रागातली पारंपरिक बंदिश’ एवढे निवेदकाने म्हटले की काम भागते. विदर्भातल्या एका शहरात मैफलीनंतर आम्ही निवेदकाला विचारले, अंतऱ्यात मुद्रा इतकी स्पष्ट असताना बंदिश पारंपरिक कशी? उत्तर आले, “अहो, घराण्यातली आहे ना, म्हणजे पारंपरिकच.” घराण्यातले माणूस म्हणजे बिननावाचे माणूस, असा हा हिशेब.

मुंबईतलेच उदाहरण घ्या. बिजनौरकडून आलेल्या छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या भावांनी (हे खादिम हुसेन वेगळे, वर आले ते आग्र्याचे) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भेंडीबाजारात बस्तान बसवले. वस्तीचे नाव घराण्याला मिळाले. नजीर खाँनी गोव्याच्या अंजनीबाई मालपेकरांना तालीम दिली. छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ (१८८८-१९५३) हे आमच्या मते या शहरात होऊन गेलेल्या सर्वांत कल्पक रचनाकारांपैकी एक. मुद्रा ‘अमर’. कर्नाटक संगीत त्यांनी कान देऊन ऐकले, तिथले राग आणि सरगमची चाल आपल्या गाण्यात आणली. शब्द असे बेतले की लयीत तोलून बसावेत, एकही अक्षर ओढून-ताणून लावावे लागू नये. हंसध्वनीतली त्यांची एक बंदिश अमीर खाँसाहेबांनी गाऊन देशभर नेली. १९५६ च्या ‘परिवार’ चित्रपटातल्या लता-हेमंतकुमारच्या हंसध्वनीतील युगलगीतावर सलील चौधरींनी तिचीच छाया घेतली. ते गाणे गुणगुणणारी लाखो माणसे आहेत. लताबाईंनी काही काळ अमान अली खाँकडे तालीम घेतली होती, हेही पुष्कळांना माहीत असते. पण ‘अमर’ म्हणजे कोण, असे विचारा! आणि त्या एका बंदिशीपलीकडच्या त्यांच्या रचना? शिवकुमार शुक्ल, रमेश नाडकर्णी, त्र्यंबकराव जानोरीकर अशा शिष्यांनी त्या जिवापाड जपल्या म्हणून राहिल्या. शिष्यांची नावे नीट वाचा. वारसा सांभाळला तो त्यांनी. बिरादरीने काय सांभाळले?

अल्लादिया खाँसाहेबांचे तर आणखी वेगळे. शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात उमेदीची वर्षे गेली, महाराजांनंतर मुंबईत. १९४६ साली वारले. बसंती केदार, खट, रायसा कानडा, संपूर्ण मालकंस असे अनवट राग आज मैफलीत ऐकू येतात ते मुख्यतः त्यांच्या घराण्यामुळे. त्यांचे पाळण्यातले नाव गुलाम अहमद, म्हणून मुद्रा ‘अहमदपिया’. ध्वनिमुद्रिका त्यांनी दिली नाही, तेव्हा त्यांच्या हातचे असे जे शिल्लक आहे ते या रचनांतच. त्यांनी उर्दूत सांगितलेले आत्मचरित्र नातू अझीजुद्दीन खाँ यांनी टिपून ठेवले आणि त्याचे इंग्रजी भाषांतर २००० साली निघाले, कोलकात्याहून! उर्दू आणि मराठी दोन्ही घरात बोलणारे आपण, आपल्या दारातले हे काम बंगालातून व्हावे?

दोष एकाच बाजूचा नाही. भातखंड्यांनी उस्तादांकडून शेकडो चिजा मिळवल्या, छापल्या, त्या वाचल्या. हे ऋण मोठे आहे. पण त्या पुस्तकांत राग, ताल, शब्द, स्वरलिपी सगळे आले, रचनाकाराचे नाव वेगळे देण्याची रीत पडली नाही. पलुसकरांच्या परंपरेत शृंगाराचे शब्द काढून भक्तीचे घातले गेले. ज्याचा मजकूर बदलता येतो त्याचे नाव विसरणे सोपेच. बहुसंख्याकांच्या सांस्कृतिक संस्थांना उस्ताद गळ्यापुरता हवा असतो, लेखणीसकट नको असतो. आम्ही हे कडवटपणे म्हणतो आहोत आणि मागे घेणार नाही.

पण आपल्या घरात काय? संगीत जायज की नाजायज हा वाद उलेमांनी करावा, आम्ही त्यात पडत नाही. नमाज-रोजा पाळणारे उस्ताद याच घराण्यांत होऊन गेले आणि त्यांनीच कृष्णाच्या मुरलीवर बंदिशी बांधल्या. त्यांना त्याचा संकोच वाटला नाही, आपल्याला वाटतो. २००२ साली बडोद्यात फैयाज खाँसाहेबांच्या कबरीची नासधूस झाली तेव्हा आपण निषेध केला. तो करायलाच हवा होता. मात्र कबरीखाली ‘प्रेमपिया’ झोपला आहे, हे निषेधाच्या पत्रकावर सही करणाऱ्या किती जणांना माहीत होते? कबर फुटल्यावरच माणूस आपला होतो का?

कोणी म्हणेल, नावाचा एवढा अट्टहास कशाला, लोकगीताला कुठे कर्ता असतो? याचे उत्तर आम्हाला येथेच मिळाले. माडिया रात्रभर फेर धरून रेला गातात. ते गाणे कोणी रचले, असा प्रश्न तिथे निघतच नाही. गाणे गावाचे, पुढची ओळ ज्याला सुचेल त्याची. तिथे नाव नसणे ही सगळ्यांची मर्जी आहे. ‘प्राणपिया’, ‘अमर’, ‘अहमदपिया’ यांनी मात्र नाव ठेवले, तालात बसवून, पुसता येऊ नये अशा जागी. तरीही आपण त्यांना बिननावाचे करतो, आणि वर माडियांना मागास म्हणतो.

पोकळ नाराजी आम्हाला नको आहे. जगन्नाथबुवा पुरोहित विलायत हुसेन खाँकडे शिकले, ‘गुणीदास’ या मुद्रेने त्यांनी बंदिशी रचल्या, आणि त्यांचे शिष्य चिंतामणराव व्यासांनी १९७७ पासून गुणीदास संमेलन सुरू केले. मुद्रेच्या नावाने संमेलन! शागिर्दाने उस्तादासाठी एवढे करता येते. विलायत हुसेन खाँनी स्वतः १९५९ साली ‘संगीतज्ञों के संस्मरण’ लिहून कितीतरी विसरलेल्या गवयांना जागा दिली. ते पुस्तक आपल्यापैकी किती घरांत आहे?

जे उस्ताद लिहून ठेवीत ते बहुधा उर्दू लिपीत. ब्रज शब्द, उर्दू अक्षरे, चार ओळींची चीज आणि समासात रागाचे नाव. अशा वह्या ज्यांच्याकडे उरल्या असतील त्यांच्या मुलानातवंडांना ती लिपी येत असेलच असे नाही, आणि संगीताच्या बहुतेक मराठी अभ्यासकांना ती येत नाही. ती वाचून देवनागरीत उतरवू शकतील अशी माणसे महाराष्ट्रात आहेत. मदरशात किंवा उर्दू शाळेत शिकलेली, मराठीतून नोकरी करणारी. म्हणजे हे वार्षिक वाचणारी. त्यांची एक पिढी साठीच्या पुढे गेली आहे.

संपादकांकडे म्हणून आमची एकच मागणी आहे. पुढच्या अंकात कवितांची चार पाने कमी करा. कवी रागावतील, रागावू द्या. त्या पानांवर दहा बंदिशी द्या : राग, ताल, मराठीत अर्थ, कोणाकडून मिळाली ते, आणि सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, रचनाकाराचे पूर्ण नाव. पहिल्या दोन आम्ही भामरागडहून उतरवून पाठवतो. टपालाला उशीर झाला तर पर्लकोटेला पूर आला असे समजा.