कर भरतो कोण आणि सोसतो कोण?

कर सरकारी तिजोरींत नेऊन भरणारा मनुष्य एक असतो, आणि तो ज्याच्या पदरांतून जातो तो पुष्कळदां दुसराच असतो. पिंपळगाव बसवंतच्या बाजारांत कांदा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास ही गोष्ट कोणी शिकवावयास नको. तथापि अलीकडे करांत व अनुदानांत जे फेरफार झाले, त्यांचा विचार आपल्या वर्गांत व्हावा तितका होत नाहीं. शेतकरी आणि त्याच्या घरचा नेहमींचा डॉक्टर हे दोघेही या बाबतींत एकाच जात्यांत भरडले जातात, हें तर क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतें.

प्रथम कांद्याचें पाहूं. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० शुल्क बसविलें. ८ डिसेंबर २०२३ रोजीं निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ रोजीं बंदी उठली, पण टनास ५५० डॉलर ही किमान निर्यात किंमत व शेंकडा ४० शुल्क हीं दोन ओझीं राहिलीं. १३ सप्टेंबर २०२४ रोजीं किमान किमतीची अट गेली व शुल्क २० वर आलें. १ एप्रिल २०२५ पासून तेंही गेलें. वीस महिन्यांच्या आंत धोरण निदान पांच वेळां पालटलें. उन्हाळ कांद्याचें रोप टाकल्यापासून चाळ फोडीपर्यंत आठ-दहा महिने लोटतात. रोप टाकतांना एक नियम आणि चाळ फोडतांना दुसरा, अशा स्थितींत शेतकऱ्यानें हिशेब तरी कोणत्या आधारावर मांडावा?

हें शुल्क व्यापाऱ्यानें भरलें, हें खरें. परंतु परदेशच्या पेठेंत त्याच्या मालाशेजारीं पाकिस्तानचा व इजिप्तचा कांदा मांडलेला असतो. तेथें भाव वाढवून मागण्याची त्यास सोय नाहीं. म्हणून लिलावांत बोली देतांनाच तो शुल्काची रक्कम मनांत वजा करतो. शेतकऱ्यास मात्र वजा करावयास पुढें कोणीच नाहीं; त्याचा माल गाडींत भरून आलेला असतो. ऑगस्ट २०२३ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील लिलाव बंद पडले, ते यामुळेंच. ज्याच्या हातीं आपल्या मालाचा भाव ठरविणें नाहीं, त्याच्याच माथीं शेवटीं कर येऊन बसतो. आमच्या सर्व म्हणण्याचें सार हेंच आहे.

यावर कोणी म्हणेल कीं अनुदानें आहेत ना? आहेत. खतांवर केंद्र सरकार मोठें अनुदान देतें, हें आम्ही विसरत नाहीं. पण शुल्क एका रात्रींत लागू होतें आणि अनुदान सावकाश चालत येतें. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळांत विकलेल्या कांद्यास राज्य सरकारनें क्विंटलला ३५० रुपये, कमाल २०० क्विंटलपर्यंत, देण्याचें ठरविलें. वाटपाचा पहिला टप्पा निघाला सप्टेंबरांत. दरम्यान खरिपाचीं बियाणें, सोसायटीचा हप्ता व दवाखान्याचें देणें थांबून राहिलें नव्हतें.

आतां वस्तु व सेवा कराकडे वळूं. १ जुलै २०१७ पासून हा कर सुरू झाला. शेतकऱ्यास आपल्या पिकासाठीं त्याची नोंदणी नाहीं, आणि ताज्या कांद्यावर वा द्राक्षांवर करही नाहीं. ऐकण्यास हें गोड लागतें. पण कारखानदार कच्च्या मालावर जो कर देतो, तो आपण वसूल केलेल्या करांतून वळता करून घेतो. निर्यातदारास तो परतही मागतां येतो. शेतकऱ्यास यांपैकीं कांहींच करतां येत नाहीं. द्राक्षबागाइतदारानें ५०,००० रुपयांचीं रासायनिक फवारणीचीं औषधें घेतलीं, तर शेंकडा १८ प्रमाणें ९,००० रुपये कर त्याच्या खर्चांत कायमचा मुरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर व ठिबक संच यांवरील कर १२ चा ५ झाला, हें उत्तम झालें व त्याबद्दल आम्ही सरकारचे आभार मानतों. पण बागेचा मोठा खर्च असलेल्या या औषधांवरील १८ तसाच राहिला.

आमच्या डॉक्टरांचीही नेमकी हीच गत आहे. रोग्याची तपासणी व उपचार यांवर वस्तु व सेवा कर नाहीं. म्हणून डॉक्टरनें यंत्र, संगणक वा लांकूडसामान घेतांना दिलेला कर त्यासही वळता करून मिळत नाहीं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील कर १२ चा ५ झाला व वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ माफ झाला. रोग्याच्या दृष्टीनें हें हिताचें आहे. दवाखाना चालविण्याचा खर्च मात्र त्यानें फारसा हलका झाला नाहीं. डॉक्टर फी वाढवूं शकतो असें म्हणतात. कागदावर शकतो, पण ज्या वर्षीं कांदा मातीमोल जातो, त्या वर्षीं खेड्यांत फी वाढविणें म्हणजे वहींतील थकबाकी वाढविणें होय. असा डॉक्टर कंटाळून शहर गांठतो, आणि मग साध्या तापासाठींही आपणांस नाशिकची खेप पडते.

ही गोष्ट आपल्याच देशांत घडते असें नव्हे. विलायतेंत ऑक्टोबर २०२४ च्या अंदाजपत्रकानें नोकर ठेवणाऱ्यांवरील राष्ट्रीय विम्याची वर्गणी एप्रिल २०२५ पासून शेंकडा १५ केली. सरकारी इस्पितळांस तिची भरपाई मिळाली; सरकारशीं करार करून दवाखाने चालविणाऱ्या कुटुंब-डॉक्टरांस ती सूट मिळाली नाहीं. त्याच अंदाजपत्रकानें शेतजमिनीच्या वारसाकरांतील पूर्ण सवलत १० लक्ष पौंडांपर्यंतच ठेवली. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन लंडनच्या रस्त्यांवर उतरले, आणि डिसेंबर २०२५ मध्यें ती मर्यादा २५ लक्षांवर नेण्याचें सरकारनें जाहीर केलें. तेथेंही दोघांच्या मोबदल्याचा दर दुसराच कोणी ठरवीत होता.

शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाहीं, मग तक्रार कसली, असा आक्षेप शहरांतून नेहमीं येतो. १८८६ च्या कायद्यापासून ही सूट चालत आली आहे, हें खरें. परंतु प्राप्तिकर नफ्यावर असतो. औषधांवरील कर पीक बुडालें तरी द्यावाच लागतो. पहिल्याची सूट दाखवून दुसऱ्याचें समर्थन होत नाहीं. शहरांतील गरिबांस कांदा स्वस्त मिळावा हा हेतूही आम्हांस मान्य आहे. मात्र त्याचा खर्च सर्व देशाच्या तिजोरींतून व्हावा, एकट्या कांदेवाल्याच्या चाळींतून नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. रोपें टाकण्यापूर्वीं त्या हंगामाचें निर्यात-धोरण जाहीर व्हावें, आणि माल विकला जाईपर्यंत तें बदलूं नये. आयर्लंडमध्यें नोंदणी नसलेल्या शेतकऱ्यास विक्रीच्या किमतीवर ठराविक शेंकडा रक्कम जादा मिळते. खरेदींत दिलेल्या कराची ती भरपाई असते. तशी योजना येथें व्हावी. आणि खेड्यांत दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरांस तपासणीच्या साधनांवर दिलेला कर परत मिळावा.

या मागण्यांस आंकड्यांचें पाठबळ पाहिजे, आणि तें वाचकांच्याच हातीं आहे. कच्च्या चिठ्ठीवर खरेदी करण्याची खोड सोडून येत्या हंगामापासून प्रत्येकानें खत, औषध, ठिबक, प्लास्टिकचे क्रेट यांचीं पक्कीं बिलें मागून घ्यावीं व त्यांवरील कर एका वहींत मांडावा. एकरीं किती कर गेला, हें शंभर वह्यांतून निघालें, तर सरकारपुढें मांडावयास अर्जापेक्षां तो पुरावा अधिक वजनदार ठरेल.