मदत नको, हिशेब द्या

माझा भाचा पावसहून भाड्याची गाडी चालवतो. गेल्या पावसाळ्यात तो प्रवासी सोडायला मुंबईच्या विमानतळावर गेला होता. परतीचं भाडं मिळालं, पण तांबड्या चिखलाने माखलेल्या गाडीत गिऱ्हाईक कसं बसवणार? वाटेत एका पेट्रोल पंपावर आपली गाडी आपणच धुवायचं मशीन होतं. क्यूआर कोड स्कॅन करायचा, शंभर रुपये भरायचे आणि ठरलेली मिनिटं पाणी मारायचं. त्याने शंभर भरले. खात्यातून पैसे गेले, पाणी आलं नाही. घाई होती, म्हणून पुन्हा शंभर भरले. या वेळी पाणी आलं.

मग त्याने मदत मागितली. पंपावरचा पोरगा म्हणाला, मशीन आमचं नाही. फलकावरच्या नंबरवर आधी रेकॉर्ड केलेला आवाज होता, मग तोही बंद पडला. बँक म्हणाली, पैसे समोरच्याला पोचलेत, त्यालाच विचारा. शेवटी त्याने मला फोन केला आणि स्वतःच म्हणाला, "जाऊ दे मामू, शंभर रुपयांसाठी कोण भांडत बसणार?"

या 'जाऊ दे'वरच माझा राग आहे.

मशीन बिघडतं, नेट जातं, हे मला मान्य आहे. बिघाड हा गुन्हा नाही. पण पैसे घ्यायची सोय चोवीस तास आणि परत करायला एकही माणूस नाही, ही व्यवस्था कुणीतरी विचार करून उभी केलेली असते. आपल्याकडे गॅरेजात पोरगा गाडी धुतो. फेस राहिला तर त्याला हाक मारता येते. इथे पोऱ्याचं काम गिऱ्हाईकाने करायचं, वर मालकाचा हिशेबही गिऱ्हाईकानेच सिद्ध करायचा.

आपल्यातले काही जण म्हणतील, एवढ्याशा गोष्टीत दीन कशाला आणता? दीन नेमका एवढ्याशा गोष्टींतच तपासला जातो. माप मारणाऱ्यांवर कुरआनात एक आख्खी सूरह आहे, अल्-मुतफ्फिफीन. ठरल्यापेक्षा कमी मिनिटं पाणी देणारं मशीन म्हणजे खोटं मापच. सूरह बकराची २८२वी आयत, कुरआनातली सर्वांत मोठी, देण्याघेण्याची नोंद ठेवण्यावर आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असं ती बजावते. हातोहात होणाऱ्या सौद्याला त्यात सूट आहे, हे मला ठाऊक आहे. पण इथे पैसे आधी गेले आणि पाणी आलंच नाही. मग सौदा हातोहात कुठे राहिला? ते शंभर रुपये मालकावर कर्ज झाले. कर्ज परत मागणाऱ्याला आपण मदत मागणारा म्हणत नाही.

देशाचा कायदाही हेच सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेचं बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जीएसटीत नोंदणी असलेल्या धंद्याला २०० रुपयांखालच्या बिलाची सूट आहे खरी, पण गिऱ्हाईकाने मागितलं तर ते द्यावंच लागतं. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयने पैसे गेले आणि दुकानदाराकडे पुष्टी पोचली नाही, तर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न पाहता.

म्हणून भाच्याला सांगितलं, ते सगळ्यांनाच सांगतो. स्क्रीनशॉट काढा, मशीनचा फोटो घ्या, व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक जपून ठेवा. यूपीआय अ‍ॅपमधून तक्रार करा. पैसे दुकानदाराकडे अडकलेत की वाटेत, हे बँकेकडून लेखी घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं. पैसे मालकाला पोचले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मशीन मुंबईकडचं असलं, तरी तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे आपल्या रत्नागिरीच्या आयोगात दावा लावता येतो. ५ लाखांपर्यंत फी नाही.

आणि हा आरसा आपल्याकडेही वळवू या. आपल्या दुकानांतही क्यूआर कोड लागलेत. 'पैसे आले नाहीत' म्हणून गिऱ्हाईकाकडून दुसऱ्यांदा घेतलेले पैसे रात्री खात्यात दोनदा दिसले, तर किती जण त्याला शोधून परत करतात? तो मागायला येईल तेव्हा बघू, असं म्हणणारा त्या मशीनच्या मालकापेक्षा वेगळा नाही.

भाच्याने तक्रार लिहिली आहे. मी फक्त शुद्धलेखन तपासलं, आणि 'कृपया मदत करावी' खोडून 'माझे १०० रुपये परत करावेत' असं लिहायला लावलं.