सरस, सोल्यूशन आणि तापणारे खोके

प्लायवूड-हार्डवेअरच्या व्यापारातील आपल्या वाचकांकडे गिटारच्या ॲम्प्लिफायरचे खोके मढवण्यासाठी चिकटद्रव्य मागणारा ग्राहक क्वचितच येत असेल. आला, तर हाताशी असलेला डबा त्याच्यापुढे सरकवू नये. काही महिन्यांत त्या खोक्याच्या कडा उकलतात आणि दोष दुकानावर येतो.

या ॲम्प्लिफायरच्या दोन नामांकित घराण्यांचे मूळ दुकानदारीतच आहे. लिओ फेंडर कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्त करीत; जिम मार्शल लंडनमध्ये वाद्ये विकत. त्यांच्या नावाच्या अनेक ॲम्प्लिफायरांत आजही काचेचे व्हॉल्व्ह असतात. पॉवर व्हॉल्व्हची काच २०० अंश सेल्सिअसच्या घरात तापते. फेंडरच्या प्रचलित रचनेत ते वरच्या भागात उलटे टांगलेले असल्याने उष्णता वर चढून माथ्याच्या फळीला लागते. फळी अर्थातच तितकी तापत नाही. पण कार्यक्रम चालू असेतो ती गरम राहते, आणि आत दुमडलेली रेक्झिनची कड ताणामुळे सतत सुटू पाहते. उष्णता आणि ताण यांचा हा संयोगच घातक.

पांढरा फेविकॉल लाकडाला लाकूड जोडण्यास उत्तम. येथे मात्र तो उष्णतेने मऊ पडून हळूहळू सरकतो. गनमधून वितळवून लावायच्या कांड्यांचा तर विचारच नको. निओप्रीन रबराचे सोल्यूशन योग्य. ते दोन्ही पृष्ठांवर लावावे, बोटाला चिकटेनासे झाले की दाबून बसवावे. स्वस्त सोल्यूशन लवकर ढिले पडते, म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात उष्णतेची मर्यादा पाहूनच माल घ्यावा. आणखी एक बाब विक्रेते सहसा सांगत नाहीत. रेक्झिन लवचिक राहावे म्हणून त्यात मिसळलेले तेलकट द्रव्य उष्णतेने पाझरते आणि सोल्यूशनलाच मऊ करते. पाठीला कापड नसलेल्या रेक्झिनसाठी म्हणूनच पॉलियुरेथेन किंवा नायट्राइल रबराचे सोल्यूशन सुचवावे.

जुन्या ट्वीड कापडाच्या खोक्यांचे शौकीन सरस मागतात. कोमट पाण्याने तो पुन्हा सोडवता येतो, हा त्याचा गुण मान्य करावा लागेल. परंतु सरस कातडी-हाडांपासून होतो. लेबलावर ‘हाइड ग्लू’ असे असले तरी वस्तू तीच. आपल्या दुकानात तो नको असेल, तर तसे सरळ सांगावे. ‘आता मिळत नाही’ अशी सबब कशाला? शिवाय ऊब आणि दमट हवा त्याला मानवत नाही, हेही खरेच आहे.

शेवटी बँकेतील सवयीने एक सूचना. या सोल्यूशनमधील टोल्यूइनसारखी द्रावके चटकन पेट घेतात. डबा उघडल्यावर खिडक्या उघड्या हव्यात, जवळपास दिवा-उदबत्तीही नको. कारागिराला डोके जड वाटू लागले तर त्याला तत्काळ मोकळ्या हवेत पाठवावे. गोदामात असा साठा असेल तर आगविम्याच्या पॉलिसीत ज्वालाग्राही मालाची स्पष्ट नोंद करून घ्यावी. कर्जाच्या नूतनीकरणापर्यंत थांबू नये.