सर्व्हर प्रभागसंघाचा हवा

मॅस्टोडॉनसारखी संघीय समाजमाध्यमे म्हणजे शहरी संगणकवाल्यांची हौस, धाराशिवच्या बचत गटांतल्या बायकांना ती झेपायची नाहीत, असे सर्रास म्हटले जाते. त्यात मोठी गल्लत आहे. सर्व्हर उभारणे किचकट आहे, हे मान्य. पण म्हणून बायकांना तो चालवता येणार नाही, हे कुठून आले? या जिल्ह्याचा इतिहास उलट साक्ष देतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरदुरुस्तीचा सरकारी कार्यक्रम आला, तेव्हा ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ झाल्या. भूकंपात भिंत टिकावी म्हणून काय करायचे, हे त्यांनी घरोघरी समजावले. आज बचत गटांच्या ‘उमेद’ या सरकारी अभियानात गट, गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशी रचना आहे. गटाची बचत गटाकडे, वही गटाची, आणि तरी सगळे एकमेकांशी बांधलेले. संघीय जाळेही असेच चालते. प्रत्येक सर्व्हरची मालकी वेगळी, नियम वेगळे. पण २०१८ मध्ये मान्य झालेल्या ‘ॲक्टिव्हिटीपब’ या मानकामुळे एका सर्व्हरवरची बाई दुसऱ्यावरच्या बाईशी बोलू शकते.

मग घोडे अडते कुठे? डोमेन घ्या, डीएनएसच्या नोंदी भरा, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करा; एवढे करून नोंदणीचा ईमेल स्पॅममध्ये जातो. शिवाय मॅस्टोडॉन इतर सर्व्हरांवरची छायाचित्रेही आपल्याकडे साठवतो. ती वेळच्या वेळी काढली नाहीत, तर डिस्क भरून सगळेच बंद पडते. ग्रामसंघाच्या लिपिकेने यात डोके का घालावे? हा दोष बनवणाऱ्यांचा आहे. ‘युनोहोस्ट’सारख्या मुक्त प्रणालीने बटण दाबून सॉफ्टवेअर बसवण्याची सोय केली आहेच. तीच वाट पुढे न्यावी लागेल: मराठी सूचना, आपोआप सफाई आणि बॅकअप. गावागावात सर्व्हर नकोच. खर्च आणि देखभाल प्रभागसंघाने सांभाळावी, खाती आणि नियम ग्रामसंघांनी.

व्हॉट्सॲप फुकट असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला ते सहाएक तास बंद पडले होते, पण माझी हरकत त्याहून साधी आहे. ग्रुपमध्ये पाऊल टाकताच बाईचा नंबर सगळ्यांपुढे उघडा होतो. भूमच्या खव्याची जाहिरात करायला तिने ही किंमत का मोजावी? मात्र खासगी बोलणे व्हॉट्सॲपवरच राहू द्यावे. मॅस्टोडॉनवरचा थेट संदेश सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतो, त्यामुळे कर्जवसुलीची चर्चा तिथे कदापि नको.

शिवीगाळ झाली तर जबाबदार कोण, असेही विचारतात. २०२१ चे आयटी नियम तक्रार अधिकारी नेमायला सांगतातच. गावातल्या वादात परदेशी कंपनीपेक्षा निवडून आलेली, बैठकीत जाब देणारी कार्यकारिणी मला केव्हाही जास्त भरवशाची वाटते. आणि २०१९ च्या नोव्हेंबरात ट्विटरवर रागावून मॅस्टोडॉनवर गेलेले अनेक भारतीय परतले, हा दाखला इथे लागू पडत नाही. ते एकेकटे गेले होते. इथे ओळखीपाळखीचा संघ आधीच आहे. तेव्हा सुरुवात एका तालुक्यातल्या एका प्रभागसंघापासून करावी, आणि उभारून देणाऱ्याने बॅकअपमधून सगळा मजकूर परत आणून दाखवल्याशिवाय संघाने त्याचे बिल चुकते करू नये.