संकेतांकात हरवणारा इशारा

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ रोजी आयसीडी-१०-सीएम ही रोगवर्गीकरण पद्धत लागू झाली आणि पुरुषांमधील ताठरतेच्या विकाराची नोंद अधिक नेमकी झाली. तोवर शारीरिक कारणाने येणाऱ्या नपुंसकत्वाला ६०७.८४ हा एकच संकेतांक होता. आता धमन्यांतून रक्तपुरवठा अपुरा असल्यास एन ५२.०१, शिरांतून रक्त निसटत असल्यास एन ५२.०२, तर दोन्ही दोष असल्यास एन ५२.०३ अशी विभागणी आहे.

हा भेद केवळ कारकुनी नाही. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून अरुंद असतात. त्यामुळे धमनीकाठिण्याचा परिणाम तेथे आधी जाणवू शकतो. हृदयविकाराची लक्षणे कधी काही वर्षांनी प्रकटतात. म्हणूनच रक्तवाहिन्यांचा दोष नोंदला जाणे हा हृदयतपासणीचा इशारा ठरतो.

प्रत्यक्षात संकोची रुग्ण मोघम बोलतो, घाईतला डॉक्टर मोघम लिहितो आणि नोंद एन ५२.९ या 'कारण अनिर्दिष्ट' कप्प्यात जाते. कागदावर उच्च रक्तदाब व धूम्रपान यांचा उल्लेख असला, तरी संकेतांक देणाऱ्याला स्वतः निदान करता येत नाही. डॉक्टरांकडे विचारणा करणे एवढेच त्याच्या हाती उरते. अमेरिकी रुग्णालयांसाठी हे काम करणाऱ्या चेन्नई, हैदराबाद, पुण्यातील तरुणांनाही हीच मर्यादा आहे.

मेडिकेअरच्या औषध योजनेतून या विकारावरील औषधे २००७ पासून वगळलेली आहेत. तथापि, नोंदीचे मोल देयकापुरते नसते. डॉक्टरांनी लिहिलेला 'धमनीदोषामुळे' हा एक शब्द एखाद्याला वेळीच हृदयतज्ज्ञापर्यंत पोहोचवू शकतो.